इंजिनियरांच्या अभ्यासक्रमात पर्यावरण कसे आले?

इंजिनियरिंग कॉलेजातल्या एखाद्या मुलाला विचारा, ‘तुझ्या अभ्यासक्रमात पर्यावरण हा विषय कोणी आणला?’ तो बहुधा विद्यापीठाचे नाव सांगेल. परंतु विद्यापीठांनी तो आपण होऊन आणलेला नाही. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला हुकूम द्यावा लागला, आणि त्या हुकमाच्या आधी कारखान्यांत बरेच काही घडून गेले होते. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर. म्हणून हा इतिहास मी कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहून सांगणार आहे.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट हवेत गेले. टाकी थंड ठेवणारे यंत्र काही महिन्यांपासून बंद होते. वायू धुऊन निरुपद्रवी करणारे स्क्रबर चालू स्थितीत नव्हते. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. मध्य प्रदेश सरकारने पुढे 3,787 मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात.

आता पाहा, टाकी थंड का ठेवावी, स्क्रबर कशासाठी असतो, हे त्या काळच्या पुस्तकांतही होतेच. ज्ञानाची वाण नव्हती. शिवाय सूचनाही मिळालेली होती. 1981 मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला. युनियनने धोक्याचा इशारा दिला. 1982 मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी तेच छापून सांगितले. ऐकणारा कोणी नव्हता.

सुमारे एका वर्षाने, 4 डिसेंबर 1985 रोजी, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या कारखान्याविरुद्ध वकील एम. सी. मेहता यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे होताच. 1986 च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने सांगितले की, घातक धंदा चालविणाऱ्याला नुकसानीची पूर्ण जबाबदारी घ्यावी लागेल, कोणतीही सबब चालणार नाही. त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण कायदा झाला. 1987 मध्ये फॅक्टरी कायदा दुरुस्त झाला आणि धोका समोर दिसत असेल तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला प्रथमच कायद्याने मिळाला.

याच मेहतांच्या दुसऱ्या अर्जावर 22 नोव्हेंबर 1991 रोजी न्यायालयाने पर्यावरणाच्या शिक्षणाविषयी हुकूम दिला. चित्रपटगृहांत संदेश दाखवावेत, रेडिओ-टेलिव्हिजनवर कार्यक्रम व्हावेत, शाळांत विषय शिकवावा आणि कॉलेजांत तो सक्तीचा करण्याचा विचार विद्यापीठ अनुदान आयोगाने करावा, असे त्यात होते. पुढे बारा वर्षे कागद इकडून तिकडे गेले. 2003 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. तेव्हा कोठे पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार झाला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले आपल्या पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी. ते मूळचे शल्यविशारद, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या अभ्यासक्रमाला 50 तास दिले होते. त्यांपैकी 5 तास प्रत्यक्ष पाहणीसाठी होते, आणि पाहणीच्या यादीत जवळच्या एखाद्या प्रदूषित जागेची भेटही होती. योजना चांगली होती. पण पुढे काय झाले? 2018 मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनियरिंगचा नमुना अभ्यासक्रम काढला. त्यात पर्यावरण सक्तीचे राहिले, परंतु त्याला श्रेयांक ठेवला नाही. ज्या विषयाने निकाल वर-खाली होत नाही, त्याची तयारी मुले परीक्षेच्या आदल्या रात्री करतात. दोष मुलांचा नाही.

आणि म्हणूनच ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उद्या हाच मुलगा एखाद्या रासायनिक कारखान्यात पाळीप्रमुख होईल. खर्च कमी करण्यासाठी थंड करणारे यंत्र बंद ठेवावे, असा कागद त्याच्यापुढे येईल. त्याच वेळी एखादा फिटर येऊन म्हणेल, ‘साहेब, व्हॉल्व्हपाशी वास येतोय.’ त्या क्षणी अन्नसाखळीची व्याख्या त्याच्या कामी येणार नाही. फिटरचे म्हणणे ऐकायचे असते, हे त्याला कोणी शिकविले आहे काय?

माझी मागणी लहान आहे. त्या पाहणीच्या तासांपैकी निदान एक तास मुलांना कारखान्याच्या फाटकाशी आणा. पाळी सुटून बाहेर येणाऱ्या माणसांशी बोलू द्या. कोणत्या यंत्रापाशी डोळे चुरचुरतात, कोणत्या नाल्याचे पाणी रात्री रंग बदलते, हे त्यांना ठाऊक असते. आणि त्या तासाला गुण द्या. भोपाळच्या कामगारांनी जे सांगितले ते वेळेवर ऐकले गेले नाही. पुढच्या इंजिनियरने ते ऐकावे, यासाठी हा विषय आहे असे मी समजतो.