एका मिनिटात मावलेला महिना

‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती, ‘अंकुराची वाढ’. साल १९१२. लंडनला जाऊन ते तंत्र पाहून आले होते, विल्यमसनचा कॅमेरा मागवला होता, पण भांडवल घालायला कोणी पुढे येत नव्हतं. मग त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ थांबून थांबून चित्रं घेतली. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बी रुजायचं, कोंब यायचा, वेल चढायचा. ती पाहून कर्ज मिळालं. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. पुढे ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशनमध्ये काय लागलं ते सगळ्यांना माहीत आहे.

ही गोष्ट नेहमी पैशांपाशी येऊन संपते. मी मात्र आकड्यांपाशी अडकले.

फाळक्यांनी रोज एकच चित्र घेतलं, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. आता हिशोब करून बघा. तेव्हाच्या मूकपटांना सेकंदाला साधारण १६ चित्रं धरली तर मिनिटाला झाली ९६०. रोज एक घेतलं तर महिन्याची ३०, म्हणजे दोन सेकंदांतच खेळ खलास! मिनिटभर चालायला रोज ३२ चित्रं हवीत. फक्त दिवसाच्या बारा तासांच्या उजेडात घेतली असं धरलं, तर दर २२-२३ मिनिटांनी एक. (एकच चित्र अनेकदा छापून लांबी वाढवता येते, पण मग वेल धक्के खात चढतो.) मूळ फिल्म आज पाहायला मिळत नाही, त्यामुळे मोजून खात्री करायची सोय नाही. पण महिनाभर दर वीस मिनिटांनी कॅमेऱ्यापाशी येणारा माणूस आणि रोज सकाळी एकदा डोकावणारा माणूस, हे दोन वेगळे फाळके आहेत.

हे सुचलं कारण मीही वाटाणाच शूट केला होता. एका कार्यशाळेत दोन मिनिटांची फिल्म करायची होती. मोबाईल स्टँडवर लावला आणि तासाला एक फोटो ठेवला. एडिटिंगला बसले तर वेलाचे दोऱ्यासारखे तणावे वेड्यासारखे इकडून तिकडे उड्या मारत होते. मी सरळ पंख्याला दोष दिला आणि जास्त हललेले फोटो काढून टाकले. फिल्म छान गुळगुळीत झाली. टाळ्याही मिळाल्या.

नंतर डार्विनचं वेलींवरचं १८६५ चं लिखाण वाचताना घाम फुटला. वाटाण्याचा तणावा आधार शोधत हवेत गोल फिरतो आणि एक फेरी साधारण दीड तासात पूर्ण करतो. तासाला एक फोटो म्हणजे एका फेरीत दोनही नाहीत. फेरी पकडली जाणारच नव्हती, दिसणार होत्या त्या उड्याच. आणि मी काढून टाकलेले फोटो ‘खराब’ नव्हते. त्या झाडाची सगळ्यात रंजक हालचाल त्यांच्यातच होती, अर्धवट का होईना.

अशा फिल्मचं अर्धं एडिटिंग बी पेरायच्या आधीच झालेलं असतं, दोन फोटोंमधलं अंतर ठरवताना. टाइमलाइनवर बसून ते परत मिळत नाही. प्रयोगशाळेत आपण रीडिंगचं अंतर ‘आधीच्या बॅचने तेवढंच ठेवलं होतं’ म्हणून ठेवतो, तेव्हा हेच करत असतो. आणि आलेखातला एखादा बिंदू ‘आउटलायर’ म्हणून उडवताना माझ्यासारखाच एखादा पंखाही शोधतो.

सुदैवाने मी फोटो डिलीट केले नव्हते, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले होते. पण नुसत्या त्यांच्यावरून फेरीचा वेळ काढता येईना, म्हणून परवा पुन्हा बी भिजवलं. या वेळी दर पाच मिनिटांनी फोटो. पंखा बंद आहे आणि खोलीत भयंकर उकडतंय.