मॅटाडोरचालकांचे रस्त्यावरील संकेत (बीड जिल्हा)

मॅटाडोर, ट्रॅक्स यांसारख्या जुन्या गाड्यांचे मालक व चालक रस्त्यात एकमेकांशी पाळतात तो अलिखित शिष्टाचार. बीडसह सबंध मराठवाड्यात तो कमीअधिक सारखाच आढळतो. परळी-घाटनांदूर हा पूर्वेकडचा टापू वगळता जिल्ह्यात दीर्घकाळ रेल्वे नव्हती. एसटी चुकली की वऱ्हाडी, बाजारकरू आणि परळी वैजनाथ किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरीला निघालेले भाविक यांची भिस्त याच गाड्यांवर असे.

गाडी : बजाज टेंपो ही कंपनी १९५८ मध्ये जर्मनीतील विडाल अँड झोन या कारखान्याच्या सहकार्याने सुरू झाली. तिने १९६९ मध्ये मॅटाडोर बाजारात आणली. एफ-३०५ व एफ-३०७ ही तिची परिचित रूपे. पुढे डाइमलर-बेंझच्या परवान्याने तयार होणारे ओएम-६१६ डिझेल इंजिन तिला मिळाले. १९८७ मध्ये याच कंपनीची ट्रॅव्हलर आली आणि मॅटाडोर मागे पडत गेली. कंपनीने २००५ मध्ये फोर्स मोटर्स हे नाव घेतले. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळत असल्याने मागे ओझे वाढले की चढावर पुढची चाके हलकी होऊन जागीच फिरत. मांजरसुंबा किंवा धारूरच्या घाटात उतारूंनी खाली उतरून चालण्याची रीत समजून घ्यायची तर ही रचना ध्यानात घ्यावी लागते. लोकरीतींच्या अभ्यासकांनी तिकडे फारसे पाहिलेले नाही.

संकेत : समोरून ओळखीची गाडी आली की डिपर मारणे किंवा स्टिअरिंगवरचा हात उचलणे, हा नमस्कार. साइड मिळाल्यावर हॉर्नचा एक छोटा ठोका, ही पोच. मागच्याला पुढे जाऊ देताना उजवा हात बाहेर काढून मागे-पुढे अर्धवर्तुळात फिरवतात. ही खूण १९८९ च्या रस्ता-नियमांत नोंदलेली होती. तिच्या जागी आलेला उजवा इंडिकेटर मात्र घातक ठरतो. ‘पुढे जा’ आणि ‘मी वळतोय’ हे दोन्ही त्यानेच सांगितले जाते. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट देण्याबाबत कायदा आणि रूढी यांचे एकमत आहे. पुढे तपासणी आहे असे डिपरने कळवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिला शिष्टाचार म्हणावे की नाही, यावर मतभेद आहेत.

बंद पडलेली गाडी : या शिष्टाचाराची खरी परीक्षा इथे होते. गाडी थांबली की चाकाला दगड लावायचा आणि मागे काही अंतरावर दगडांची रांग किंवा झाडाची फांदी ठेवायची. जाणाऱ्याने वेग कमी करून ‘काय झालं, उस्ताद?’ एवढे तरी विचारायचे. पाना, जॅक, पाण्याचा कॅन मागितल्यास नाही म्हणायचे नाही. सेल्फ लागत नसेल तर उतारूंसह धक्का, त्यानेही भागले नाही तर दोर बांधून जवळच्या गॅरेजपर्यंत टोचन. त्याचे पैसे मागणे कमीपणाचे मानतात, चहा चालतो. गाडी सुरू झाल्यावर दगड रस्त्यातच टाकून जाणारा चालक सर्वांच्या शिव्यांचा धनी होतो, कारण रात्री तोच दगड दुसऱ्याच्या चाकाखाली येतो.

सण : खंडेनवमी-दसऱ्याला गाडी धुऊन हार, नारळ, लिंबू-मिरची.

तुलना : फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनचे मालक परदेशात एकमेकांना हात करतात. तिथे हा हौशी लोकांचा परस्परस्नेह आहे, इथे तो पोटाच्या धंद्यातून आला. म्हणून ‘विंटेज व्हॅन’च्या चर्चेत मॅटाडोरला बसवताना सावध राहिलेले बरे.

सद्यस्थिती : २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीची ‘व्हीए’ या अक्षरांसह विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते; मात्र अशी गाडी नियमित वापरासाठी किंवा भाड्याने चालवता येत नाही, म्हणून पोटासाठी धावणाऱ्या मॅटाडोरला ही नोंदणी उपयोगाची नाही.