नवा ब्लॉग सुरू करताय? होस्टिंग कसे निवडावे आणि चाव्या कोणाकडे ठेवाव्यात

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. त्यानंतर १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ आले. दरवेळी लेखणीइतकाच कागदाचा, वर्गणीचा आणि छपाईचा प्रश्न होता. म्हणूनच ‘भारतभूषण’ हा स्वतःचा छापखाना उभा राहिला. आज विहारातील एखाद्या तरुणाला ब्लॉग काढायला छापखाना लागत नाही. पण आपला मजकूर कोणाच्या जागेवर आहे आणि त्याची चावी कोणाकडे आहे, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

आमच्या ओळखीच्या एका मंडळाने १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेला हजर असलेल्या ज्येष्ठांच्या आठवणी लिहून घेऊन आपल्या संकेतस्थळावर टाकल्या होत्या. डोमेन घेणारा कार्यकर्ता नोकरीसाठी बाहेरगावी गेला. त्याचा जुना ईमेल बंद पडला आणि नूतनीकरणाच्या सूचना कोणी वाचल्याच नाहीत. एके दिवशी संकेतस्थळ गेले. दुसरी प्रत नव्हती. आठवणी सांगणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत. हे टाळता येते, म्हणून हा लेख.

डोमेन वेगळे, होस्टिंग वेगळे

डोमेन म्हणजे आपल्या ब्लॉगचे नाव, म्हणजेच पत्ता. होस्टिंग म्हणजे मजकूर आणि फोटो जिथे साठवले जातात ती भाड्याची जागा. भाड्याची जागा बदलता येते, पत्ता तोच राहतो. मात्र पत्ताच गेला तर वाचकांकडचे सगळे जुने दुवे निकामी होतात. त्यामुळे पैसे मर्यादित असतील तर आधी डोमेन स्वतःचे घ्या, होस्टिंगचे नंतर पाहा.

डॉट इन, डॉट कॉम, डॉट ओआरजी यांपैकी कोणतेही चालेल. वर्षाचा खर्च साधारण काही शे रुपयांपासून दीड हजारापर्यंत येतो. देवनागरीतील डॉट भारत नावही मिळते, पण ते सगळ्यांना टाइप करता येत नाही. ते जोडीला घ्यावे, मुख्य पत्ता रोमन लिपीत असावा. नाव लहान आणि फोनवर सांगितले तर चुकणार नाही असे ठेवा.

फुकट की विकत?

एकच व्यक्ती आठवड्याला एखादा लेख लिहिणार असेल तर गूगलचे ब्लॉगर पुरते. जागेचे पैसे लागत नाहीत आणि स्वतःचे डोमेनही जोडता येते. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेत मात्र पत्त्यात त्यांचे नाव राहते आणि त्यांच्या जाहिराती दिसतात.

अनेक लेखक, बातम्या, जुन्या अंकांचे संग्रह असे काही करायचे असेल तर होस्टिंग विकत घेऊन त्यावर वर्डप्रेस बसवावे. त्याचे तीन प्रकार नेहमी दिसतात :

• शेअर्ड होस्टिंग : एका सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे असतात. सर्वांत स्वस्त, नव्या ब्लॉगला पुरेसे.
• मॅनेज्ड वर्डप्रेस : अपडेट, बॅकअप कंपनी पाहते. महाग, पण तांत्रिक माणूस नसेल तर सोयीचे.
• व्हीपीएस : सर्व्हरची व्यवस्था आपणच पाहायची. जाणकार नसेल तर याच्या नादी लागू नये.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. नूतनीकरणाचा दर किती? पहिल्या वर्षाची सवलत मोठ्या अक्षरात असते, पुढचा दर कित्येकदा दुप्पट-तिप्पट असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा.
२. बॅकअप रोज होतो का? तो परत मिळवायला वेगळे पैसे लागतात का?
३. एसएसएल मोफत आहे का? ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे प्रमाणपत्र मोफत मिळते, त्यामुळे त्यासाठी पैसे देऊ नका.
४. सर्व्हर भारतात, उदाहरणार्थ मुंबईत, मिळेल का? वाचक इथले असतील तर पान लवकर उघडते.
५. ‘अनलिमिटेड’ म्हणजे नेमके किती? फाइलींच्या संख्येवर आणि सर्व्हरच्या वापरावर मर्यादा असतेच. ती अटींमध्ये वाचा.

तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरण्याची घाई नको. पहिले एक वर्ष पाहा.

उभारणी : पायरीपायरीने

१. डोमेन घ्या. डॉट कॉम, डॉट ओआरजीसाठी ईमेल पडताळणीचा निरोप येतो. १५ दिवसांत ती केली नाही तर डोमेन बंद ठेवले जाऊ शकते.
२. होस्टिंग कंपनीने दिलेले नेमसर्व्हर डोमेनच्या खात्यात भरा. बदल सगळीकडे पोहोचायला काही तास, कधी ४८ तासही लागतात.
३. कंट्रोल पॅनलमधून वर्डप्रेस बसवा. ‘अ‍ॅडमिन’ हे वापरकर्तानाव ठेवू नका. पासवर्ड लांब ठेवा, दुहेरी पडताळणी चालू करा.
४. एसएसएल चालू करून पत्ता एचटीटीपीएसने उघडतो का ते पाहा.
५. सेटिंगमध्ये पर्मालिंक ‘पोस्ट नेम’ ठेवा. हे पहिल्याच दिवशी करा, नंतर बदलले तर जुने दुवे तुटू शकतात.
६. साधी थीम निवडा. प्लगइन मोजकेच घ्या आणि सर्व अपडेट ठेवा. जुन्या, सोडून दिलेल्या प्लगइनमधूनच बहुतेकदा घुसखोरी होते.

मराठी मजकुराची काळजी

आपल्याकडचे जुने अंक, स्मरणिका, पुस्तिका बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. तो मजकूर थेट चिकटवला तर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि जोडाक्षरे, रफार डोळ्यांनी तपासा.

लेखाचे शीर्षक मराठीत असावे, पण दुव्यातील शब्द रोमनमध्ये लिहा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दुव्यात नऊ चिन्हांचे होते आणि वर्डप्रेस दुव्यातील नावाला २०० चिन्हांचीच जागा देते. म्हणजे बावीसएक चिन्हांनंतर शीर्षक तुटते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दुवा न वाचता येणारी लांबलचक रांग होतो.

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर

आपल्या ब्लॉगवर वर्षभर शांतता असते आणि भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, महापरिनिर्वाण दिनाला एकदम गर्दी होते. स्वस्त होस्टिंग नेमके त्याच दिवशी दमते. कॅशिंग प्लगइन बसवा आणि क्लाउडफ्लेअरची मोफत योजना जोडा. मोबाइलवरचा चार-पाच एमबीचा फोटो तसाच टाकू नका. रुंदी १२०० पिक्सेल करून दोनशे केबीच्या आत आणा. व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून लेखात जोडा. ही तयारी आठवडाभर आधी करा, आदल्या रात्री नव्हे.

चाव्या कोणाकडे?

• डोमेन संस्थेच्या किंवा मंडळाच्या नावावर घ्या, संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर नको. त्याच्या कामाचे पैसे द्या, मालकी आपल्याकडे ठेवा.
• नोंदणीचा ईमेल स्वतंत्र असावा, त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो.
• खात्याची माहिती किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावी. पदाधिकारी बदलले की पासवर्ड आणि फोन क्रमांकही बदला, आणि त्याची नोंद इतिवृत्तात करा.
• नूतनीकरणाची तारीख वहीत लिहा. डॉट कॉमची मुदत संपल्यावर सवलतीचे काही दिवस, मग ३० दिवसांचा जादा दंडाचा काळ आणि शेवटी नाव कोणालाही खुले, असा क्रम असतो.
• महिन्यातून एकदा पूर्ण बॅकअप घ्या. एक प्रत क्लाउडवर, एक हार्ड डिस्कवर. सहा महिन्यांतून एकदा तो बॅकअप उघडून पाहा, कारण न उघडलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही.
• महत्त्वाचे लेख इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करा.

होस्टिंग कंपनी आवडली नाही तर बदलता येते. डोमेन आणि बॅकअप आपल्याकडे असतील तर दोन दिवसांत ब्लॉग नव्या जागी उभा राहतो. मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढेच विचारा : आपले डोमेन कोणाच्या नावावर आहे, आणि शेवटचा बॅकअप कधी घेतला? उत्तर मिळाले नाही तर नवा लेख टाकण्याआधी ते काम करा.

जय भीम, नमो बुद्धाय.