रिमांड होम नावाची धमकी

"जास्त मस्ती केलीस तर रिमांड होममध्ये टाकीन!" धरमपेठेत वाढलेल्या आमच्या पिढीने ही धमकी कधी ना कधी ऐकलेली आहे. पण तिथे फक्त मस्तीखोर पोरं नसायची हो. टाकून दिलेली, पळून आलेली, घरातच मार खाल्लेली पोरंही असायची. ज्याने चोरी केली तो आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो, दोघे एकाच छताखाली!

याचं मूळ कायद्यातच होतं. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा, मध्य प्रांताचा १९२८ चा. नागपूर तेव्हा या प्रांताची राजधानी. मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवायचं, एवढाही विचार त्या काळी मोठाच होता. पुढे पत्रकार शीला बरसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली तुरुंगातल्या मुलांवरून सरकारांना चांगलंच खडसावलं. त्याच वर्षी देशभरासाठी बाल न्याय कायदा झाला. त्यात 'उपेक्षित' आणि 'अपचारी' अशी वेगळी नावं आली खरी, पण चौकशी संपेपर्यंत मुक्काम दोघांचाही निरीक्षणगृहातच. खरी फारकत २००० च्या कायद्याने केली. (लोकांच्या तोंडी मात्र अजून 'रिमांड होम'च आहे.)

असो. अत्याचार झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र कायदा यायला १४ नोव्हेंबर २०१२ उजाडावं लागलं. पोक्सो. पोलिसांनी जबाब घेताना गणवेश घालायचा नाही, शक्यतो वर्षभरात खटला संपवायचा, इतका बारीक विचार त्यात आहे. कागदावर उत्तमच म्हणायचं.

आणि मग आपल्याच नागपुरातला तो खटला. डिसेंबर २०१६ मध्ये पेरू देतो म्हणून १२ वर्षांच्या मुलीला एका माणसाने घरात नेलं. सत्र न्यायालयाने २०२० साली त्याला पोक्सोखाली ३ वर्षांची शिक्षा दिली. धरमपेठेपासून हाकेच्या अंतरावरच्या नागपूर खंडपीठाने मात्र १९ जानेवारी २०२१ ला निकाल दिला, की कपड्यांवरून केलेला स्पर्श, त्वचेचा त्वचेला स्पर्श नाही, म्हणून पोक्सोचं कलम लागत नाही. शिक्षा १ वर्षावर आली. मुलांच्या बाजूने केलेल्या कायद्याचा इतका आखडता अर्थ! देशभर गदारोळ झाला, ॲटर्नी जनरल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि आठवडाभरात स्थगिती मिळाली.

१८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द झाला. महत्त्वाचा आहे तो हेतू, कातडी नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं आणि ३ वर्षांची शिक्षा पुन्हा लागू केली. पेरू घ्यायला गेलेली ती मुलगी तोवर सतराच्या आसपास पोहोचली होती.