हॅकिंगची प्राथमिक साधने : सकळ लिपीपासून संगणकापर्यंत

‘हॅकिंग’ ह्या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द अद्याप रूढ झालेला नाही. वृत्तपत्रांतून तो बहुधा चोरी वा फसवणूक ह्या अर्थी येतो, आणि त्यामुळे ही विद्या शिकू इच्छिणारा तरुण म्हणजे भावी गुन्हेगार, असा ग्रह सहज होतो. शब्दाचा इतिहास मात्र निराळा आहे. दुसऱ्याने रचलेल्या आणि बाहेरून बंद दिसणाऱ्या व्यवस्थेची आतली घडण ओळखणे हा त्याचा मूळ गाभा होय. त्या ज्ञानाचा उपयोग कोण कशासाठी करतो हा त्यापुढचा प्रश्न. नवशिक्याला ह्यासाठी कोणती साधने आणि कोणते ज्ञान लागते, ही वरवर तांत्रिक वाटणारी पृच्छा त्यामुळे इतिहासाच्या कक्षेतही येते. तिचा विचार करताना नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे आहे. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेले, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे, मिरचीच्या व्यापारासाठी ख्यात आणि मराठी, तेलुगू व उर्दू ह्या तिन्ही भाषा कानांवर पडणारे हे गाव. संगणकाच्या इतिहासात त्याचे नाव नाही. परंतु प्रयोगशाळांपासून दूर असलेल्या विद्यार्थ्यापर्यंत काय पोचले आणि काय पोचले नाही, हे पाहावयाचे तर अशाच गावाकडे पाहावे लागते.

बंद व्यवस्था उघडण्याचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण महानुभाव पंथाच्या वाङ्मयाचे आहे. ह्याच नांदेड जिल्ह्यातील माहूर हे पंथाच्या पंचकृष्णांपैकी दत्तात्रेयांचे स्थान म्हणून पूज्य मानले जाते. तेराव्या शतकात चक्रधरांनी मराठीतून निरूपण केले, म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. आणि ज्या पंथाने लोकभाषेचा एवढा आग्रह धरला, त्याच पंथात पुढील शतकात ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्याची प्रथा पडली. ह्या लिप्या अनेक होत्या. त्यांपैकी सकळ लिपी विशेष प्रचलित झाली. तिचे जनकत्व परंपरेने रवळोबासांकडे दिले जाते. तिची रचना मुळात साधी आहे. भाषा मराठीच, वाक्ये मराठीच. केवळ नागरीतील प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह. कुलूप होते ते अक्षरांना, अर्थाला नव्हे. तरीही हे कुलूप कित्येक शतके टिकले. पोथ्या मठांत जपल्या गेल्या, पंथीयांनी त्या वाचल्या, आणि बाहेरच्या समाजाला मराठी गद्याचा आद्य ठेवा आपल्या शेजारीच आहे ह्याचा पत्ता लागला नाही. जे वाचता येत नाही त्याविषयी संशय वाढतो. महानुभावांविषयीच्या पुष्कळ अपसमजांचे मूळ ह्या गूढतेत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात वि. का. राजवाडे यांनी ह्या लिपीची उकल केली. पुढे वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने प्रभृती संशोधकांनी पंथीयांच्या साहाय्याने हे वाङ्मय प्रकाशात आणले आणि मराठी वाङ्मयेतिहासाचा आरंभीचा भाग नव्याने लिहावा लागला. एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह, ह्या पद्धतीची सर्वसाधारण दुर्बलता बगदादच्या अल्-किंदीने नवव्या शतकातच दाखवून दिली होती : भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित, चिन्हे बदलली तरी हे प्रमाण बदलत नाही. म्हणून अशी लिपी उकलणाऱ्याला साधने फार लागत नाहीत. पुरेशा लांबीचा मजकूर, कागद, आणि ज्या भाषेत तो लिहिला आहे तिचा दांडगा व्यासंग, एवढे त्याला पुरते. ह्यांतील तिसरे साधन विकत मिळत नाही.

येथे एक गोष्ट नजरेआड करू नये. पंथाच्या दृष्टीने ही गुप्तता श्रद्धेचा भाग होती, आणि तिच्यामुळेच जुनी भाषा परक्या हातांच्या फेरफारांपासून बऱ्याच अंशी वाचली. उकल करणाऱ्याचे यश साजरे करताना ज्याचे दार उघडले गेले त्याची अनुमती कितपत होती, हा प्रश्न तेव्हाही होता. भावे यांच्यासारख्यांना पंथातील जाणत्या महंतांचे सहकार्य मिळाले, ही बाब म्हणूनच राजवाड्यांच्या बुद्धिवैभवाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

‘हॅक’ हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ आला तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील आगगाडीच्या प्रतिकृतींचा छंद असलेल्या विद्यार्थिमंडळात. टेबलाखालील तारा व स्वयंचलित स्विचे जोडण्यातील चातुर्याला ही मुले तो शब्द लावीत. १९५८ साली टीएक्स-० हा संगणक संस्थेत आला आणि रात्री-अपरात्री तो ह्यांच्या हाती लागू लागला. यंत्राला प्रत्यक्ष हात लावता येणे, हे त्यांचे खरे भाग्य. त्या काळी अन्यत्र संगणक हा काचेआड असे आणि वापरणाऱ्याने छिद्रित पत्रे खिडकीतून आत देऊन निकालाची वाट पाहावयाची असे.

दूरध्वनीच्या जाळ्याशी खेळणाऱ्यांची कथा ह्याहून बोधक आहे. अमेरिकेतील दूरच्या पल्ल्याची केंद्रे परस्परांना ध्वनीच्या साहाय्याने सूचना देत. २६०० हर्ट्‌झचा सूर ऐकू आला म्हणजे मार्ग मोकळा आहे असे यंत्र समजे. हे सूर कोणी चोरून शोधले नव्हते. बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात १९५४ व १९६० साली ते तपशिलासह छापले गेले होते, आणि ते अंक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत उघड्या फळीवर होते. त्या पिढीच्या नवशिक्याचे पहिले साधन खाऊच्या डब्यातली शिट्टी, असे सांगण्याची प्रथा आहे. वस्तुतः पहिले साधन ग्रंथालय होते.

भारतातही आरंभ वाईट नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. ‘टिफ्रॅक’ हे नाव त्याला १९६२ मध्ये मिळाले. ज्यांनी तो बांधला त्यांना त्याची प्रत्येक तार ठाऊक होती. पण ही ओळख संस्थेच्या आवाराबाहेर फारशी गेली नाही.

धर्माबादपर्यंत संगणक पोचला तो पुष्कळ नंतर आणि निराळ्या वाटेने. ती वाट समजण्यासाठी भाषेचा इतिहास पाहावा लागतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९१७ साली भाषांतर विभाग स्थापन झाला, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, आणि आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकविण्याचा मोठा उद्योग आरंभिला गेला. मराठी व तेलुगू भाषिकांवर त्यात अन्याय झाला हे खरेच. परंतु देशी भाषेत उच्च विज्ञानाचे पाठ्यग्रंथ शक्य आहेत, हेही त्याने सिद्ध केले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यावर शासनाने मराठी परिभाषाकोश काढले. शब्द तयार झाले. यंत्राच्या अंतर्रचनेचे मराठी ग्रंथ मात्र त्या मानाने झाले नाहीत. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांतील हजारो मुलांना प्रथमच कळफलकापुढे बसविले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि तो अभ्यासक्रम वापरकर्त्याचा होता. पत्र टंकलिखित करणे, कोष्टक भरणे, टपाल पाठविणे. शासकीय नोकरीसाठी ती अर्हता ठरली, आणि शिक्षणाचा हेतू प्रमाणपत्रापाशी थांबू लागला. जुना संगणक आज अल्प मोलात मिळतो, जोडणी भ्रमणध्वनीवरही मिळते. तिसरे साधन, म्हणजे आपल्या भाषेतून मिळणारे आतल्या घडणीचे ज्ञान, ते तेवढे दुर्मिळ राहिले.

आणि तरीही ह्या प्रदेशातील नवशिक्यासाठी अभ्यासाचा एक विषय त्याच्या दारातच पडला आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला असला, तरी मराठी टंकन पुढे अनेक वर्षे श्रीलिपीसारख्या खासगी टंकांवरच चालले. ह्या टंकांत रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या संकेतांकांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत : कोठे काना, कोठे मात्रा, कोठे अर्धा ‘त’. टंक संगणकावर असेपर्यंत मजकूर स्वच्छ दिसे. टंक नाहीसा झाला की उरते ती निरर्थक रोमन चिन्हांची रांग. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. अशा रीतीने टंकलिखित झालेले ठराव, याद्या, लग्नपत्रिका, स्थानिक वृत्तपत्रांचे अंक व प्रबंध फाइलींच्या रूपाने उरले आहेत, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांच्यापुढे राजवाड्यांच्याच जागी उभे राहावे लागते. हीही सकळ लिपीच. कोणीही हेतुपुरस्सर न केलेली.

तिची उकल हा नवशिक्याचा उत्तम पाठ आहे. फाइलीतील संकेतांक अंकांच्या रूपात दाखविणारा छोटा कार्यक्रम, त्याच मजकुराचे एखादे छापील पान, आणि दोन स्तंभांचा तक्ता एवढ्यावर आरंभ होतो. मग अडचणी येतात. जुन्या टंकांत पहिली वेलांटी, जशी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी नोंदलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार दिसतो पुढच्या अक्षरावर, पण उच्चाराच्या क्रमाने आधी जावा लागतो. केवळ चिन्हांची अदलाबदल पुरत नाही, क्रम लावणारा नियम लिहावा लागतो, आणि तो लिहिताना विद्यार्थी स्मृती, संकेतांक, फाइलीची रचना व एखादी संगणकभाषा ह्या चारही गोष्टी शिकून जातो. पुढील पायरीला दोन जुने संगणक, त्यांना जोडणारी तार आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेली, आतला सर्व मजकूर खुला असलेली लिनक्स प्रणाली पुरे. १९८३ च्या आरंभापासून आर्पानेट ज्या टीसीपी-आयपी नियमांवर चालू लागले, ते ह्या दोन यंत्रांतही जसेच्या तसे पाहता येतात. एकावरून दुसऱ्यावर प्रवेशाचा प्रयत्न करावा, फसलेला प्रयत्न नोंदवहीत लिहावा. दोन्ही यंत्रे स्वतःची असल्याने कोणाचा अपराध होत नाही.

अपराधाची बाजू पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्यात दिसली. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेच्या एटीएम व्यवहारांना मान्यता देणाऱ्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरवून, आणि नंतर आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या मार्गाने, एकूण सुमारे ९४ कोटी रुपये काढून घेण्यात आले. रोख उचल २८ देशांत झाली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. बनावट कार्डांनी पैसे काढण्याच्या कामाला संगणकाची कोणतीच विद्या लागत नव्हती.

कायद्याने ह्या शब्दाशी केलेला व्यवहारही लक्षणीय आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात कलम ६६ चे शीर्षकच ‘हॅकिंग’ असे होते. २००८ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला आणि संगणकविषयक अपराध अशी व्यापक रचना केली. ही दुरुस्ती ऑक्टोबर २००९ मध्ये अंमलात आली. आता कसोटी दोन गोष्टींची : कलम ४३ प्रमाणे यंत्राच्या मालकाची वा ते ज्याच्या ताब्यात आहे त्याची अनुमती नसणे, आणि कलम ६६ प्रमाणे अप्रामाणिक वा कपटी हेतू असणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हेतू शुद्ध असला तरी अनुमतीवाचून केलेल्या कृत्याबद्दल कलम ४३ अन्वये भरपाईचे दायित्व येऊ शकते. एखाद्या कार्यालयातील जुन्या टंकातली फाइल उकलू पाहणाऱ्या धर्माबादच्या विद्यार्थ्याने म्हणून प्रथम लेखी अनुमती घ्यावी, मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत करावी, आणि आपला तक्ता उकललेल्या मजकुरासह त्या कार्यालयाकडे द्यावा.