मुतखडा न होण्याचा इतिहास

१/
मुतखडा का होतो, हे वैद्यकाने शतकानुशतके विचारले. तो सर्वांनाच का होत नाही, हा प्रश्न मात्र उशिरा सुचला. निरोगी माणसाच्या मूत्रातही कॅल्शियम ऑक्झलेट बहुधा विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे असते. केवळ रसायनशास्त्राच्या हिशेबाने पाहता घरोघरी मुतखडे व्हायला हवेत!

२/
लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील विल्यम मिलर ऑर्ड यांनी १८७९ साली यावर ग्रंथच लिहिला. चिकट द्रव्यांच्या सान्निध्यात स्फटिक आपले रेखीव कोन सोडून गोलसर होतात, हे त्यांनी दाखवले. त्या द्रव्यांचे रासायनिक स्वरूप ठरवण्याची साधने तेव्हा नव्हती.

३/
धागा पुन्हा सापडला तो भलतीकडेच. १९५० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल हे विषाणूंचे अभ्यासक होते. मुतखड्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो आणि मानवी मूत्रातील काहीतरी त्याला अडवते, एवढेच त्यांना दिसले. ते प्रथिन त्यांनी वेगळे केले. १९८५ मध्ये गर्भवतींच्या मूत्रातून ‘युरोमोड्युलिन’ मिळाले आणि दोनच वर्षांत उलगडले की हे तेच जुने टॅम-हॉर्सफॉल प्रथिन! निरोगी मूत्रात सर्वाधिक आढळणारे हे प्रथिन मूत्रपिंडातील हेन्लेच्या वेटोळ्याच्या पेशी घडवतात.

४/
ते स्फटिकांना एकमेकांना चिकटू देत नाही. मात्र त्याची ही राखण बिनशर्त नाही. मूत्र आम्लधर्मी व क्षारयुक्त झाले, की त्याचे रेणू आपापसांतच गोळा होतात आणि मग हाच राखणदार स्फटिकांची मोट बांधू लागतो.

५/
हाडांतून आधीच परिचित असलेले ऑस्टिओपॉन्टिन १९९२ मध्ये मानवी मूत्रातही ओळखले गेले. त्याचे ऋणभारित भाग स्फटिकाच्या पृष्ठावरील कॅल्शियमला बिलगतात आणि त्याची वाढ खुंटवतात.

६/
खरी कसोटी २००४ मध्ये लागली. टॅम-हॉर्सफॉल प्रथिनाचे जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियमचे स्फटिक आपोआप उमटले. कॅल्शियम व ऑक्झलेटचा मारा होताच ते कितीतरी वाढले. तोच मारा सामान्य उंदरांनी पचवला. आणखी एक गोष्ट संशोधकांना दिसली : या माऱ्याखाली जनुक गमावलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडपेशी ऑस्टिओपॉन्टिन मोठ्या प्रमाणावर बनवू लागल्या होत्या.