देखभाल व्यवस्थापन प्रणाली व सुट्या भागांचे नियोजन

कारखान्यातील यंत्रांच्या देखभाल-दुरुस्तीची नोंद, आखणी व पाठपुरावा करणारी संगणकीय प्रणाली. उद्योगात ती ‘सीएमएमएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. आयबीएमकडे २००६ मध्ये आलेली ‘मॅक्सिमो’ आणि सॅपचा ‘प्लांट मेंटेनन्स’ विभाग ही तिची परिचित उदाहरणे. कागदी व्यवस्थेत यंत्राचे हिस्टरी कार्ड मेंटेनन्स खात्यात असे आणि सुट्या भागाचे बिन कार्ड स्टोअरमध्ये. ही दोन कार्डे एकमेकांना जोडणे हे या प्रणालीचे मुख्य काम होय. आलेख, स्मरणसूचना, मोबाइलवरची नोंद या सोयी त्यानंतर येतात.

जोडणीसाठी प्रत्येक यंत्राला क्रमांक आणि त्याखाली त्याच्या भागांची यादी लागते. कंटाळवाणे म्हणून टाळले जाणारे काम हेच. ६२०५ हे सर्वत्र आढळणारे बॉल बेअरिंग (आतील व्यास २५ मिमी., बाहेरील ५२ मिमी., रुंदी १५ मिमी.) एका स्टोअरमध्ये ‘बेअरिंग ६२०५’, ‘बॉल बेअरिंग २५ मिमी.’ आणि ‘पंपाचे बेअरिंग’ अशा तीन नावांनी नोंदले गेले, तर एका नावाखाली शिल्लक शून्य दिसते आणि शेजारच्या कप्प्यात नग पडून असतात. म्हणून प्रणाली सुरू करण्यापूर्वी सांकेतांक व वर्णने साफ करण्यास लागेल तेवढा वेळ द्यावा.

बिघाड कळवला की वर्क ऑर्डर निघते. तीवर काम करणारे फिटर, लागलेला वेळ, वापरलेले भाग आणि बिघाडाचे कारण नोंदले जाते. ‘दुरुस्त केले’ एवढेच लिहून ती बंद केली, तर पुढच्या वेळी त्या नोंदीचा कोणालाच उपयोग होत नाही. रात्रपाळीत वर्क ऑर्डरविना उचललेला भाग साठ्यातून जातो, पण यंत्राच्या इतिहासात उमटत नाही. मग दोन बिघाडांमधील सरासरी काळही चुकीचा निघतो. एकाच यंत्राची माहिती विखुरलेली राहिली तर काय होऊ शकते, हे उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर दिसले. ६ जुलै १९८८ रोजी तेथील एका पंपाची सुरक्षा झडप तपासणीसाठी काढलेली होती. पंपाच्या देखभालीचा आणि झडपेच्या कामाचा परवाना वेगवेगळा होता. झडप जागेवर नसल्याचे रात्रपाळीला कळले नाही आणि पंप सुरू केला गेला. त्यानंतरच्या स्फोटांत व आगीत १६७ जणांचे प्राण गेले.

कोणता भाग किती ठेवावा, हे ठरवताना भारतीय कारखान्यांत किमतीनुसार एबीसी, गरजेच्या तीव्रतेनुसार व्हीईडी आणि उचलीच्या वेगानुसार एफएसएन अशी वर्गवारी करतात. व्ही-बेल्ट, फिल्टर, ग्रीस अशा नियमित खपाच्या वस्तूंना फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेले किफायतशीर मागणी-प्रमाणाचे सूत्र चालते. क्वचित लागणाऱ्या भागांना ते लागू पडत नाही; तेथे संभाव्यतेचा हिशेब करावा लागतो. एखादा भाग वर्षाला सरासरी २ लागतो आणि मागवल्यापासून ६ महिन्यांनी येतो असे समजू. त्या ६ महिन्यांची सरासरी गरज १ आहे म्हणून मागणी नोंदवताना हाताशी एकच नग असला, तर प्वासाँ वितरणानुसार तो अपुरा पडण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. २ असले तर ८ टक्के, ३ असले तर २ टक्क्यांहून कमी. तिसऱ्या नगाची किंमत आणि यंत्र बंद राहण्याचा खर्च समोरासमोर मांडूनच निर्णय घ्यावा.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत या गणिताला वेगळे वळण मिळते. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत अखंड चालते. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, म्हणून हंगामातील प्रत्येक बंद तासाची झळ कारखान्याइतकीच शेतकऱ्यालाही बसते. मोठी दुरुस्ती होते ती बंद हंगामात. गिरण्या उघडल्या जातात, रोलरच्या झिजलेल्या खाचा पुन्हा कातल्या जातात, वाहकांच्या साखळ्या बदलतात. मग रोलर पूजन आणि पुढे बॉयलर अग्निप्रदीपन. येथे १२ महिन्यांच्या खपाची सरासरी काढून पुनर्मागणी पातळी ठरवणारी प्रणाली साफ चुकते. ओव्हरहॉलिंगसाठी लागणारे भाग आणि चालू हंगामातील आकस्मिक बिघाडासाठी राखलेले भाग यांचा खप वेगळा मोजायला हवा. येण्यास महिने लागणाऱ्या भागांचे इंडेंट तर गाळप संपण्याआधीच, वर्क ऑर्डरमधील झिजेच्या नोंदी पाहून निघाले पाहिजेत.

ठरावीक काळाने भाग बदलत राहणे नेहमीच हिताचे नसते. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन व हीप यांच्या १९७८ मधील अहवालानुसार, अभ्यासलेल्या विमानभागांपैकी फक्त ११ टक्क्यांना वयोमर्यादा घालून लाभ होण्यासारखा होता. ६८ टक्के भागांत बिघाडाचे प्रमाण बसवल्यानंतर लगेच अधिक होते. विमानाचे आकडे कारखान्याला जसेच्या तसे लावू नयेत. पण चांगले चाललेले बेअरिंग तारीख आली म्हणून काढण्यापूर्वी कंपन व तापमान पाहावे, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

स्टोअरमधील भागांनाही देखभाल लागते. रबरी सील नुसते ठेवूनही कडक होतात, आडवा ठेवलेला लांब शाफ्ट वाकतो, न फिरवलेल्या मोटारीच्या बेअरिंगवर खुणा उमटतात. शाफ्ट व मोटार ठरावीक काळाने फिरवणे, सीलची मुदत तपासणे या कामांच्याही वर्क ऑर्डर निघाव्यात. यंत्र भंगारात निघाले की त्याची भागांची यादीही बंद करावी. कोणत्याही चालू यंत्राच्या यादीत नसलेले भाग मग आपोआप वेगळे दिसतात, आणि विकण्यापूर्वी ते दुसऱ्या यंत्राला चालतील का, हे फोरमनला तपासता येते.